मिनरल टाउनमध्ये पहिलं वर्ष: शेतीच्या गेममध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

शेतीचा व्हिडिओ गेम खेळतो म्हटल्यावर जळगाव जिल्ह्यात एक प्रश्न हमखास येतो: घरची शेती सोडून पडद्यावर कशाला राबायचं? प्रश्न रास्त आहे. ज्याने भर मे महिन्यात केळीच्या बागेत बुंध्याशी फुटलेली पिलं (कोंब) कापली आहेत, रात्री दोनला लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन मोटार चालू करायला गेला आहे, त्याला पडद्यावरच्या शलगमाला झारीने पाणी घालण्यात कसलं आलंय अप्रूप?

माझं उत्तर एवढंच, की या खेळातल्या शेतीत मेहनत आणि पैसा यांच्यामध्ये कुणी उभं नाही. पेरलं, पाणी दिलं, की उगवतंच. उगवलं की ठरलेल्या भावाने जातंच. ही चैन खऱ्या शेतकऱ्याच्या नशिबात नाही. थोडे दिवस ती उपभोगायला मजा येते आणि नंतर तीच या खेळाची अडचण होऊन बसते. दोन्ही बाजू खाली येतीलच. आधी खेळ कुठला ते नीट बघू, कारण विकत घेतानाच फसगत होण्यासारखा घोळ आहे.

नावाचा घोळ

खेळाचं नाव ‘स्टोरी ऑफ सीझन्स: फ्रेंड्स ऑफ मिनरल टाउन’. ही मालिका जपानमध्ये १९९६ साली ‘बोकुजो मोनोगातारी’ या नावाने सुरू झाली आणि इंग्रजीत ती ‘हार्वेस्ट मून’ म्हणून ओळखली गेली. मिनरल टाउनचा मूळ खेळ २००३ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. तोच खेळ नव्याने बांधून ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानमध्ये आणि जुलै २०२० मध्ये इतर देशांत काढला. आधी निन्टेन्डो स्विच आणि कॉम्प्युटरवर, पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर.

घोळ असा, की खेळ बनवणारी कंपनी मार्वलस, पण ‘हार्वेस्ट मून’ हे इंग्रजी नाव राहिलं नात्सुमे या दुसऱ्या कंपनीकडे. दोघांची वाट वेगळी झाल्यावर मार्वलसने इंग्रजीत ‘स्टोरी ऑफ सीझन्स’ हे नाव घेतलं आणि नात्सुमे ‘हार्वेस्ट मून’ नावाने स्वतःचे वेगळेच खेळ काढत राहिली. त्यामुळे लहानपणी कुणाच्या तरी यंत्रावर हार्वेस्ट मून बघितला होता, तोच हवा, म्हणून आज ते नाव टाकून शोधलंत तर भलताच खेळ गळ्यात पडेल. विकत घेताना पूर्ण नाव वाचा. याच मालिकेत ‘अ वंडरफुल लाइफ’ हाही जुना खेळ २०२३ साली नव्याने आला आहे. तो चांगला आहे, पण चालीने बराच वेगळा, आणि नवख्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत.

मोबाइलसाठी याची अधिकृत आवृत्ती नाही. कुणी टेलिग्रामवर एपीके फाइल पाठवत असेल तर ती मोबाइलमध्ये घेऊ नका. कॉम्प्युटरवर खेळणार असाल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घ्या. कीबोर्डवर खेळता येतं, पण कंट्रोलर असेल तर बोटांचे हाल कमी होतात. खेळात मराठी किंवा हिंदी नाही. इंग्रजी आहे ते सोपं, दहावीच्या पोराला सहज झेपेल असं.

घरचं शेतीचं ज्ञान जरा बाजूला ठेवा

शेतकऱ्याच्या घरातला माणूस या खेळात पहिल्या महिन्यात शहरातल्यापेक्षा जास्त अडखळतो, कारण त्याला जे माहीत आहे ते इथे लागू पडत नाही.

वर्ष चार ऋतूंचं: वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. प्रत्येक ऋतू ३० दिवसांचा, म्हणजे अख्खं वर्ष १२० दिवसांत आटपतं. ऋतू बदलला की त्या रात्रीच शेतातलं उभं पीक मरतं. उद्या तोडणी होती, एक दिवस राहिला होता, असल्या सबबी चालत नाहीत. आणि हिवाळ्यात उघड्या शेतात काहीच येत नाही. हे आपल्याला पचत नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे हरभरा, गहू, दादर ज्वारी. खान्देशातला शेतकरी हिवाळ्याकडे आशेने बघतो. मिनरल टाउन मात्र बर्फ पडणाऱ्या मुलखाच्या हिशोबाने रचलंय. तेव्हा रब्बी विसरा. पैसा करायचा तो पहिल्या तीन ऋतूंत.

‘उन्हाळा’ या शब्दानेही दचकू नका. भुसावळचा मे महिना डोळ्यांसमोर आणू नका. इथल्या उन्हाळ्यात टोमॅटो, मका, कांदा जोमात येतो, विहीर आटत नाही, आणि मधूनच पाऊसही पडतो. पाऊस पडला त्या दिवशी पाणी देण्याची गरज नाही.

जमिनीचे प्रकार नाहीत. काळी, मुरमाड, चोपण, सगळं एकच. कीड नाही, फवारणी नाही, बोंडअळी नाही. बियाण्याची एक पिशवी तीन बाय तीन अशा नऊ चौकोनांत पडते आणि उगवण शंभर टक्के. बियाणं बोगस निघालं म्हणून कृषी केंद्रात भांडायला जावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र खुपेल. ज्या जिल्ह्यातून ठिबकच्या नळ्या सगळ्या देशात जातात, तिथल्या माणसाला इथे रोज सकाळी झारी घेऊन एकेका चौकोनाला पाणी घालावं लागतं. ठिबक नाही, तुषार नाही, पाटसुद्धा नाही. हा त्रास खेळाने मुद्दाम ठेवलाय. त्यावर तोडगा आहे, तो पुढे येईल.

पहिला आठवडा

गोष्टीचा सांगाडा साधा. आजोबा गेले, त्यांची पडीक शेती तुम्हाला मिळाली, आता ती उभी करा. सुरुवातीला मुलगा की मुलगी ते निवडता येतं. २००३ मध्ये मुलीच्या बाजूने खेळायचं तर वेगळी आवृत्ती घ्यावी लागत होती. आता दोन्ही एकाच खेळात आहेत. सोपी पातळी आणि नेहमीची पातळी असा पर्याय येतो. नेहमीची घ्या. सोपी घेतली तर सुरुवातीची ओढाताण निघून जाते, आणि या खेळातली खरी चव त्या ओढाताणीतच आहे.

सकाळी सहाला दिवस उगवतो. शेतात उतरलात की दगड, तण, फांद्या, खोडं. सगळं शेत साफ करायच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका. अंगात दम ठरावीकच असतो, तो संपला की माणूस धापा टाकतो आणि शेवटी कोसळतो, दिवस वाया जातो. दोन-तीन पिशव्या मावतील एवढीच जागा मोकळी करा. मोठे दगड आणि खोडं हातातल्या साध्या अवजारांनी फुटत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका. फांद्या मात्र कुऱ्हाडीने तोडून साठवा. घर, गोठा वाढवायला सुताराला ते लाकूड लागतं.

मग दुकान. जेफचं किराणा दुकान सकाळी नऊला उघडतं, मंगळवारी आणि रविवारी बंद. हे दोन वार पाठ करा, कारण बियाणं तिथेच मिळतं. कोंबड्यांचं आणि जनावरांचं दुकान सोमवारी बंद, लोहार गुरुवारी. सणाच्या दिवशीही बहुतेक दारं बंदच.

वसंतात तीन पिकं हाताशी असतात आणि त्यांचा हिशोब वहीवर मांडण्यासारखा आहे. शलगमाची पिशवी १२० ची (सगळे आकडे खेळातल्या पैशांत), एक शलगम ६० ला जातो. नऊ शलगम म्हणजे ५४०, बियाणं वजा जाता ४२०, आणि पीक पाचेक दिवसांत हातात. बटाट्याची पिशवी १५० ची, बटाटा ८० ला. नऊचे ७२०, सुटतात ५७०, पण थांबावं लागतं आठवडाभर. काकडीची पिशवी २०० ची, एक काकडी ६० ला, म्हणजे एका तोड्यात दिसायला कमीच. पण काकडीचा वेल एकदा धरला की ऋतू संपेपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा फळ देतो. लवकर लावली तर तीन-चार तोडे निघतात. म्हणून खिशात पहिले पैसे आहेत तोवर शलगम, शलगमाचे पैसे आले की लगेच काकडी. महिन्याच्या विसाव्या दिवशी काकडी लावणारा नवखा पहिल्या फेरीत हमखास सापडतो, आणि त्याला एका तोड्यावर समाधान मानावं लागतं. ऋतूच्या शेवटच्या आठवड्यात लावायचं तर फक्त शलगम.

पीक यायला वेळ आहे तोवर डोंगराकडे जा. मदर्स हिल नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी वसंतात बांबूचे कोंब मिळतात, रानफुलं, औषधी गवत मिळतं. फुकटचा माल आहे, रोज एक फेरी मारून पेटीत टाका. पहिल्या आठवड्याचा किराणा त्यावरच चालतो.

पाच वाजताचा झॅक

माल विकायची पद्धत अशी: शेतात एक पेटी असते. तोडलेला माल तिच्यात टाकायचा. संध्याकाळी पाचला झॅक नावाचा दांडगा माणूस येतो, माल उचलतो. पाचच्या आधी टाकलंत तर आजचे पैसे आज, पाचनंतर टाकलंत तर उद्याच्या गाडीत. जुन्या खेळात एकेक शलगम डोक्यावर धरून पेटीपर्यंत न्यावा लागायचा किंवा पिशवीतून एकेक काढावा लागायचा. नव्या बांधणीत एका जातीचा माल एकावर एक रचता येतो आणि गठ्ठ्याने टाकता येतो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण जुना खेळ खेळलेल्याला विचारा. नव्या आवृत्तीवर मी सगळ्यात खूश कशावर असेन तर यावर.

आमच्या नानांनी एकदा मागे उभं राहून हा प्रकार बघितला. पेटीत रताळी पडली, झॅक आला, पैसे जमा झाले. नाना म्हणाले, “आठे भाव कोन ठरावस रे भो?” मी सांगितलं, भाव ठरलेलाच असतो, रताळं १२० म्हणजे १२०, आज, उद्या, पुढच्या वर्षीही. “आनि कट्टी?” कट्टी, म्हणजे व्यापाऱ्याने वजनात केलेली कपात, तीही नाही. हमाली, तोलाई, आडत काहीच नाही. नाना काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि पुढची तोडणी मला त्यांनीच सांगितली.

या खेळाच्या मोहिनीबद्दल बरंच लिहिलं जातं, संगीत, निसर्ग, शांतता वगैरे. माझ्या मते खान्देशात बसून खेळणाऱ्याला यातली खरी मोहिनी ही पेटी आहे. रावेर-सावद्याकडे केळीचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो. कापणी ठरली, गाडी आली, आणि ऐन वेळी व्यापारी घडात खोड काढतो. त्या माणसाला पाच वाजता न चुकता येणारा झॅक म्हणजे परीकथाच.

पण दुसरी बाजूही इथेच आहे. भाव हलत नाही म्हणून काय लावायचं याचा निर्णय एकदाच घ्यावा लागतो. वसंतात काकडी, उन्हाळ्यात मका आणि टोमॅटो, शरदात रताळी. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. जोखीम गेली तिच्याबरोबर डोकं लावायची जागाही गेली. पहिलं वर्ष रंगतं, कारण हे गणित आपण शोधत असतो. ते सापडल्यावर खेळ पिकांच्या जोरावर धरून ठेवत नाही, त्याला दुसरा आधार लागतो.

उन्हाळा आणि शरद

उन्हाळ्याच्या पहिल्याच दिवशी टोमॅटो (पिशवी २००) आणि मका (३००) लावा, दोन्ही पुन्हा पुन्हा फळ देतात. कांदा १५० चा, एकदाच निघतो, उरलेल्या कोपऱ्यात ठीक. घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात, ते रोज बघायची सवय ठेवा. उन्हाळ्यात एखादा दिवस वादळाचा येतो, त्या दिवशी घराबाहेर पडता येत नाही आणि पिकाचं नुकसान होऊ शकतं. आदल्या दिवशी कळलं तर तयार माल तोडून पेटीत टाका. पंचनामा करायला कुणी येणार नाही.

शरदात रताळी. पिशवी ३०० ची, पण एकदा लागली की दर तीन-चार दिवसांनी काढणी, आणि नऊ रताळ्यांचे १०८० होतात. अर्धं शेत रताळ्यांना द्या, पस्तावणार नाही. वांगीही शरदातच येतात, ती जांभळी. आपल्या भरीताच्या हिरव्या, पांढरट रेघांच्या मोठ्या वांग्याची सर त्यांना नाही, पण पिशवी १२० ची आणि झाड सारखं फळत राहतं, म्हणून एखादी लावावी. याच ऋतूत डोंगरावर रानद्राक्षं आणि मशरूम मिळतात. एक मशरूम विषारी असतं, नाव वाचून मगच खा.

अवजारं आणि खाण

झारीचा त्रास कमी करायचा तोडगा इथे आहे. धबधब्याजवळ खाण आहे. आत गेलात की जमीन कुदळीने खणायची, कुठेतरी खाली जाणारा जिना सापडतो, तो उतरायचा, हातोडीने दगड फोडायचे. तांबं, चांदी, सोनं असे धातू मिळत जातात. ते आणि पैसे घेऊन सायबारा नावाच्या म्हाताऱ्या लोहाराकडे गेलात की तो अवजार वरच्या दर्जाचं करून देतो. तांब्याची झारी एका दमात साधीपेक्षा जास्त चौकोन भिजवते, चांदीची त्याहून जास्त. पण वरचा दर्जा मिळवायला ते अवजार आधी पुरेसं वापरलेलं असावं लागतं, नुसते पैसे देऊन चालत नाही. हे मला पटतं.

लोहार अवजार ठेवून घेतो. झारी त्याच्याकडे अडकली आणि शेतात पीक उभं असलं की पंचाईत. म्हणून झारी द्यायची ती हवामान बघून पावसाच्या तोंडावर, किंवा ऋतू संपताना. कुऱ्हाड, हातोडी कधीही द्या.

खाणीत दम भराभर उतरतो. बाहेरच गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात थोडा वेळ बसलं की दम परत येतो. चोपड्याच्या उनपदेवला गेला असाल तर कल्पना येईल. शेजारच्या पाण्यात शेतातला माल टाकला की देवी प्रकट होते, तिला अधूनमधून काही वाहत राहा, फायद्याचं आहे.

दुसरा तोडगा म्हणजे चर्चच्या मागे झोपडीत राहणारी सात बुटकी. रंगीबेरंगी टोप्यांची ही भुतावळ गोड आहे. त्यांना रोज काहीतरी द्या, किराणा दुकानातलं स्वस्त पीठही चालतं. ओळख वाढली की ती पाणी देणं, तोडणी, जनावरं बघणं अशी कामं काही दिवसांच्या बोलीवर करून देतात. आपल्याकडे आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदाराशी वर्षाची बोली ठरते, इथे आठवड्याचीही ठरते आणि मजुरी शून्य. सुरुवातीला त्यांच्या कामात कसर राहते, कामाने ती शिकत जातात. म्हणून नव्या बुटक्याच्या भरवशावर सगळं शेत सोडू नका, दोन दिवस मागून फिरून बघा.

गोठा

नवखे लोक गाय बघून हुरळतात. आधी गवत. गवताचं बी शेतात पेरायचं, वाढलं की विळ्याने कापायचं, ते चाऱ्याच्या कोठीत जातं. हिवाळ्यात गवत वाढत नाही, म्हणजे शरदाच्या शेवटापर्यंत कोठी भरलेली हवी. चाऱ्याची सोय नसताना जनावर आणणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

सुरुवात कोंबडीने करा. अंडं रोज, खर्च कमी. एक अंडं उबवायला ठेवलं तर पिल्लू फुकट मिळतं. गाय दुसऱ्या ऋतूत घ्या. जनावरांशी रोज बोलायचं, ब्रश फिरवायचा, पावसात बाहेर सोडायचं नाही. नव्या आवृत्तीत सशांची आणि अल्पाकांची भर पडली आहे, शिवाय कॉफी, स्ट्रॉबेरी आणि फळांच्या स्वादाचं दूध देणाऱ्या गायी आल्या आहेत. गवळ्याच्या घरातल्या माणसाने कॉफीचं दूध देणारी गाय बघून काय म्हणावं? लहान पोरांना मात्र ती फार आवडते. पेंग्विन किंवा कॅपिबाराही पाळता येतो, तेही त्यांच्यासाठीच.

गावातली माणसं, आणि खेळ कुठे कमी पडतो

पिकांचं गणित सुटल्यावर जो आधार लागतो म्हणालो, तो गावच्या माणसांचा. डगची खानावळ, ड्यूक आणि मॅनाचा द्राक्षमळा, बार्लीचा गुरांचा वाडा, दवाखान्यातला नुसत्या ‘डॉक्टर’ या नावाने ओळखला जाणारा डॉक्टर, फक्त उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर दुकान थाटायला येणारा ‘काय’ नावाचा माणूस. माणसं वारानुसार जागा बदलतात. सकाळी लायब्ररीत दिसणारी संध्याकाळी डोंगरावर. कोण कुठे कधी असतं ते कळायला लागलं की गाव आपलं वाटू लागतं. शरदात ड्यूक द्राक्षं तोडायला बोलावतो तेव्हा जरूर जा.

ज्याच्याशी लग्न करायचं त्याला किंवा तिला रोज काही देत राहायचं. एलीला दूध आवडतं, पोपुरीला अंडी. नव्या बांधणीत लग्नासाठी जेनिफर आणि ब्रँडन या दोघांची भर पडली आहे, आणि तुमचं पात्र मुलगा असो वा मुलगी, बाराही जणांपैकी कुणाशीही लग्न करता येतं. घर वाढवावं लागतं, आणि मागणी घालायला निळं पीस लागतं.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. ही माणसं बोलतात फार कमी. एका ऋतूत त्यांच्याकडे दोन-चार वाक्यं असतात, आणि तुम्ही रोज भेटायला गेलात तर रोज तीच ऐकू येतात. दुकानात जेफच्या पोटाचं दुखणं चौथ्यांदा ऐकल्यावर दया येण्याऐवजी बटण दाबून पुढे जावंसं वाटतं. २००३ मध्ये तळहाताएवढ्या यंत्रावर हे चालून गेलं. मधल्या काळात, २०१६ साली, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने या मालिकेच्या प्रेमापोटी ‘स्टारड्यू व्हॅली’ बनवली आणि शेतीच्या खेळात माणसं किती खोल रंगवता येतात ते दाखवून दिलं. त्यानंतर तीन-चार वर्षांनी जुनं घर पाडून नवं बांधताना आतल्या माणसांना नवं बोलणं द्यायला काय हरकत होती? भिंती नव्या, रंग नवा, गप्पा त्याच.

सणही तसेच. वर्षभर बरेच आहेत, पण कित्येक सणांत तुम्ही उभं राहून बघायचं आणि घरी यायचं. आपल्याकडे कानबाईच्या सणाला अख्खं गाव गुंततं, रोट होतात, रात्र जागते. तसली गुंतवणूक मिनरल टाउनच्या सणांत शोधू नका. कोंबड्यांची आणि घोड्यांची स्पर्धा तेवढी अपवाद.

दिसण्याबद्दल मतं वेगळी असू शकतात. जुन्या खेळात ठिपक्याठिपक्यांनी काढलेली चित्रं होती, त्यांत एक ऊब होती. नव्यात मोठ्या डोक्याची गोल गोल पात्रं आहेत, स्वच्छ आणि गुळगुळीत, थोडी प्लॅस्टिकची वाटतात. शेत सजवायला वाव जवळजवळ नाही. मित्राबरोबर एकत्र खेळता येत नाही. आणि खेळ समजावून सांगण्यात कंजूष आहे: महापौर थॉमस दोन गोष्टी सांगून जातो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

तरी मी हा खेळ नवख्याच्या हातात देतो, स्टारड्यूच्या आधी. स्टारड्यूमध्ये गुहेत राक्षस, तलवारी, नाही म्हटलं तरी शंभर कामांचा पसारा. मिनरल टाउन लहान आहे. आठवड्याभरात सगळ्या वाटा पाठ होतात, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर खेळातले दोन दिवस खेळून झोपता येतं. फार तर तीन दिवस. सलग पाच तास खेळायला बसलात तर वर सांगितलेल्या सगळ्या उणिवा एकाच रात्री भेटतील.

हिवाळ्याचे ३० दिवस

पीक नाही म्हणून हिवाळा झोपून काढू नका. तळं गोठतं, त्यावरून चालत दुसऱ्या खाणीत जाता येतं. वर्षभर टाळलेली सगळी अवजारं याच महिन्यात लोहाराकडे फिरवा, आता झारी अडकली तरी फरक पडत नाही. सुताराकडून गोठा किंवा घर वाढवून घ्या. बुटक्यांना रोज भेटा, म्हणजे वसंत उजाडला की त्यांना पाण्यावर लावता येईल. शेत साफ करायलाही हाच वेळ. हातोडी आणि कुऱ्हाड सुधारल्यामुळे पहिल्या दिवशी सोडून दिलेले दगड, खोडं आता फुटतात. आणि वसंताच्या पहिल्या दिवशी बियाण्यासाठी पैसे बाजूला ठेवा. पेरणीच्या तोंडावर खिसा रिकामा, हे संकट निदान पडद्यावर तरी नको.

घेण्याआधी

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. सेलची वाट बघणं केव्हाही चांगलं. घेतल्यावर त्या दोन तासांत भराभर पुढे पळू नका. दोन पिशव्या शलगम लावा, रोज पाणी द्या, डोंगराची एक फेरी मारा, गावात चार जणांशी बोला. पहिले शलगम पेटीत पडून झॅक येईपर्यंत खेळा. त्या संध्याकाळी उद्या काकडी कुठे लावायची याचा विचार आपोआप डोक्यात सुरू झाला तर खेळ ठेवा. झारी फिरवताना घड्याळाकडे लक्ष जात असेल तर दोन तास पूर्ण व्हायच्या आत पैसे परत घ्या, कारण पुढे तिसऱ्या वर्षापर्यंत झारी आहेच.